रिपोर्ट नॉर्मल, पण अंगात त्राण नाही: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

कुडाळपासून अर्ध्या तासावरच्या आमच्या गावात मी सहा वर्षं एमई-सीएफएस हा न जाणाऱ्या थकव्याचा आजार (मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम) सांभाळते आहे. ओळखीतून लोक फोन करतात आणि बहुतेकांची कथा सारखीच असते. तापातून उठून चार-सहा महिने झाले, थकवा जात नाही, डॉक्टर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल. मग सलाईन, मग दुसरा डॉक्टर, मग तिसरा. मग कुणी सांगितलं म्हणून पहाटे उठून चालणं, आणि दोन दिवसांनी पुन्हा अंथरूण.

खटपट सगळेच करतात, क्रम चुकतो. रोजच्या त्रासाची वही लिहायच्या आधी डॉक्टर बदलतात, मर्यादा ठरवायच्या आधी व्यायाम सुरू करतात. म्हणून हा क्रम लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. इथलं काहीही तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधाच्या जागी वापरायचं नाही.

## आधी हे बघा: यात थांबायचं नसतं

खालचं काहीही असेल तर वही-बिही राहू द्या, सरळ दवाखाना गाठा.

वजन आपोआप उतरतंय. रोज संध्याकाळी कणकण येते किंवा रात्री घामाने अंथरूण भिजतं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे (थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, लाजू नका). छातीत दुखतं, आडवं झाल्यावर दम लागतो. शौचातून रक्त जातं किंवा शौच डांबरासारखं काळं होतं. मानेत, काखेत गाठ लागते. डोळे पिवळे झालेत. एका बाजूच्या हातापायातली ताकद गेली, बोलताना जीभ अडखळते.

आपल्याकडे आणखी एक. लावणीच्या दिवसांत ताप आणि अंगदुखी आली तर तो ‘पावसाचा ताप’ म्हणून घरी काढायचा नाही. लेप्टो (उंदराच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप), डेंगी, मलेरिया यांच्यात पहिले दिवस मोलाचे असतात. दोडामार्ग-सावंतवाडीकडे काजूच्या बागेत, रानात जाणाऱ्यांना थंडीपासून पावसाळ्याआधीपर्यंत कधीही ताप आला तर ‘रानात गेलो होतो, गोचीड चावली असेल’ हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं. माकडतापाचा विचार त्यावरूनच होतो.

आणि जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारची मानसिक आधाराची फोनसेवा) क्रमांकावर फोन करा. मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. वर्षभर कुणी विश्वास ठेवला नाही की असे विचार येतात. मलाही आले होते.

## टप्पा १: फाइल लावा

बहुतेकांच्या घरी रिपोर्ट एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेले असतात. वर सगळ्यात जुना, खाली कुठेतरी नवा, मध्ये लग्नाची पत्रिका.

एका दुपारी, बसून, घरातल्या दुसऱ्या माणसाला हाताशी घेऊन एवढं करा. सगळे कागद तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात नवा वर. प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढा आणि ते फोटो वेगळ्या अल्बममध्ये ठेवा. ईसीजीची पट्टी आधी झेरॉक्स करा. ती उष्णतेवर छापणाऱ्या कागदावर असते आणि काळाने पुसट होऊन कोरी पडते. माझी पहिली पट्टी अशीच गेली, आज ती नुसता गुलाबी चौकटींचा कागद आहे. एक्स-रे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये साधा कागद घाला. आणि फाइल भिंतीला टेकून किंवा माळ्यावर ठेवू नका. एका पावसाळ्यात बुरशी येते, नाहीतर वाळवी.

> तपासा: कुणी विचारलं, ‘शेवटचं हिमोग्लोबिन किती आणि कधीचं?’ तर अर्ध्या मिनिटात उत्तर सापडतंय का? सापडलं तर फाइल झाली.

## टप्पा २: पायाभूत तपासण्या खरंच झाल्यात का ते बघा

‘सगळं नॉर्मल आहे’ असं सांगणाऱ्यांची फाइल उघडली की पुष्कळदा आत दोनच गोष्टी निघतात: सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि शुगर. तेवढ्यावर ‘कारण सापडत नाही’ म्हणता येत नाही.

डॉक्टरांना विचारून खालच्या झाल्यात का ते पाहा. सीबीसी, फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची), एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची), बी-१२, डी जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची), सोडियम-पोटॅशियम, यकृताच्या तपासण्या, कॅल्शियम, ईएसआर किंवा सीआरपी (अंगातला दाह दाखवणाऱ्या), लघवीची तपासणी. गरजेप्रमाणे कावीळ बी-सी, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे. अनवाणी भातात, माडाच्या-सुपारीच्या बागेत वावरणाऱ्यांनी शौचाची तपासणीही विचारावी. आकडेकृमी पायाच्या कातडीतून शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. माणूस महिनोन्महिने ‘अशक्त’ राहतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

आकडा वाचताना दोन खाचा आहेत. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर, पुरुषाचं १३ च्या वर असलं म्हणजे लोह पुरेसं आहे असं नाही. फेरिटिन हा लोहाचा साठा. तो ३० च्या खाली गेला तर साठा संपत आल्याचं डॉक्टर धरतात, मग प्रयोगशाळेच्या कागदावर तो ‘नॉर्मल’च्या रकान्यात का असेना. उलट अंगात दाह किंवा संसर्ग असेल तेव्हा फेरिटिन खोटं वर जातं, म्हणून ते सीआरपीसोबत वाचायचं. दुसरी खाच बायोटिनची. केसांसाठी, नखांसाठी गोळ्या घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीत चुकीचा आकडा येऊ शकतो. तपासणीआधी किमान दोन दिवस ती गोळी थांबवायची आणि प्रयोगशाळेत तसं सांगायचं.

औषधांची यादी तपासायला तर कुणालाच आठवत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं. ॲसिडिटीच्या रोजच्या गोळीनेही होतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या माणसाला गळाठून टाकतात. आपल्या मनाने बंद करू नका, विचारा. जो रात्री घोरतो आणि मध्येच ज्याचा श्वास अडकतो, त्याने झोपेची तपासणी विचारावी. हे लक्षण नवऱ्याला किंवा बायकोलाच कळतं, रोग्याला नाही.

> सावधान, सलाईन: ‘अशक्तपणा आहे, एक बाटली लावून घ्या’ हा आपल्याकडचा सगळ्यात महागडा गैरसमज. साध्या सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ असतं आणि बाकी पाणी. जुलाब-उलट्यांत ती जीव वाचवते. जुन्या थकव्यावर संध्याकाळपर्यंत बरं वाटतं, एवढंच. मी अकरा लावल्या.
>
> सावधान, पुड्या: ‘शक्तीची’ म्हणून बिनलेबलाची पुडी दिली आणि चार दिवसांत चमत्कार झाला, तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, ते धोक्याचं असतं. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा.

## टप्पा ३: वही

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि सगळ्यात जास्त लोक हाच टप्पा गाळतात. म्हणून जरा बैजवार सांगते.

शंभर पानी वही घ्या. मोबाइलवर नको, पडद्याकडे बघणं हेही काम असतं. रोज दोन-तीन ओळी, १४ दिवस. लिहायचं ते असं: रात्री किती झोप लागली आणि उठल्यावर ताजं वाटलं का. अंथरुणातून उठायच्या आधी मनगटावरची नाडी, पूर्ण मिनिटभर मोजून. दिवसभरात किती तास पायांवर होतात, म्हणजे उभं राहणं आणि चालणं मिळून. काय विशेष केलं. त्रास कोणता आणि दहापैकी किती. बायकांनी पाळीची तारीखही लिहावी.

‘पायांवर किती तास’ हा आकडा मला सगळ्यात उपयोगी पडला. ‘आज बरं वाटलं’ याला काही माप नसतं. ‘पायांवर तीन तास’ याला असतं.

माझ्या वहीतलं एक पान देते:

सोम. झोप ६ तास. नाडी ७२. बँकेत गेले, रांगेत ४० मिनिटं. पायांवर ३ तास. रात्री ठीक.
मंगळ. नाडी ७४. छान वाटलं. पडवी झाडून पुसली, दोन बादल्या कपडे. पायांवर ४ तास.
बुध. नाडी ८१. घसा खवखवतो. पायांवर २ तास.
गुरु. नाडी ८८. पाण्याचा तांब्या उचलताना हात थरथरला. उजेड सोसत नाही. पायांवर अर्धा तास.

गुरुवारचं खापर घरात बुधवारच्या सोलकढीवर फुटलं. यांचं म्हणणं, रात्री थंड कशाला प्यायलीस. सोलकढीचा काही दोष नव्हता. सोमवारची रांग आणि मंगळवारचे कपडे गुरुवारी वसूल झाले.

वही वाचायची रीत हीच. वाईट दिवसावर बोट ठेवा आणि दोन दिवस मागे या. श्रमानंतर साधारण १२ ते ४८ तासांनी त्रास वाढायचा, कधी कधी आठवडाभर राहायचा, आणि तो केलेल्या कामाच्या मानाने फारच मोठा असायचा: असं पुन्हा पुन्हा दिसलं तर ती एका विशिष्ट आजाराची महत्त्वाची खूण आहे. त्याला एमई-सीएफएस म्हणतात. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली त्याचे निकष मांडले. सहा महिन्यांहून जास्त काळ पूर्वीसारखी कामं न जमणं आणि सोबत थकवा, श्रमानंतर असा उशिरा येणारा फटका, झोपूनही ताजं न वाटणं, आणि यांच्या जोडीला डोकं चालेनासं होणं किंवा उभं राहिल्यावर त्रास वाढणं. कोविडनंतर रेंगाळलेल्या पुष्कळांतही हाच फटका दिसतो.

पण सगळ्यांचं असं नसतं, आणि वही लिहायचं खरं कारण तेच आहे. काहींच्या वहीत दिसतं की चालून आल्यावर त्या दिवशी बरं वाटलं, दुसऱ्या दिवशीही बरं, तिसऱ्या दिवशीही. त्यांना चालणं लाभतंय, त्यांनी बेतानं चालावं. दीर्घ आजारपणानंतर स्नायू उतरलेले असतात, नैराश्य असतं, तेव्हा हालचालीने खरंच फायदा होतो. दुसऱ्याला त्याच चालण्याने अंथरूण धरावं लागतं. ‘जरा हिंड-फिर’ हा एकच सल्ला एकाला उठवतो आणि दुसऱ्याला पाडतो. तुम्ही कोणते, ते शेजारीण सांगू शकत नाही, वही सांगते.

> नेहमीच्या चुका: फक्त वाईट दिवशी लिहिणं. फक्त शरीराची कामं लिहिणं: तलाठ्याकडची खेप, मुलाचा फॉर्म भरणं, जावेशी वाजलं ते, मयताला जाऊन बसणं, रात्रभर दशावताराचा आवाज, हे सगळं श्रमातच धरायचं. आणि पानभर लिहिणं. पानभर लिहिणाऱ्यांची वही पाचव्या दिवशी बंद पडते.

## टप्पा ४: एक कागद आणि एक डॉक्टर

आता डॉक्टर. आणि एकच. जवळचा फिजिशियन किंवा भरवशाचा फॅमिली डॉक्टर पकडा, बाकीचे तज्ज्ञ त्याच्या सांगण्यावरून. पाच डॉक्टर केले की प्रत्येक जण पहिल्यापासून सुरू करतो आणि सहाव्या महिन्यात तुम्ही पुन्हा सीबीसीपाशी.

जाड फाइल टेबलावर आपटू नका. माझ्या एका भेटीत समोरच्यांनी फाइलची जाडी बघितली, फाइल उघडलीच नाही आणि ‘टेन्शन कमी करा’ म्हणाले. चूक त्यांची होतीच, पण पुढच्या वेळी मी एकच कागद नेला आणि वीस मिनिटं मिळाली.

त्या कागदावर वर वय, काम, आजार कधी सुरू झाला आणि त्याच्या आधी काय झालं होतं (ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, घरातलं मरण). मग ‘आधी’ आणि ‘आता’. हे नीट लिहा. ‘थकवा येतो’ हे वाक्य डॉक्टर दिवसातून पन्नासदा ऐकतात. त्याऐवजी: ‘आधी मळ्यातून घाटी चढून डोक्यावर भारा आणत होते. आता अंघोळीनंतर अर्धा तास आडवं व्हावं लागतं.’ मग तीन मुख्य तक्रारी, तीनच. मग झालेल्या तपासण्या तारखेसह दोन ओळींत, चालू औषधं, त्यात काढे, चूर्ण, पुड्या सगळं. शेवटी तीन प्रश्न: यातून काय नक्की नाही असं ठरलं? काय अजून बघायचं राहिलं? पुन्हा कधी येऊ?

मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं तर लगेच रुसू नका. नैराश्यात बहुधा करावंसंच वाटत नाही. या आजारात करावंसं फार वाटतं, अंग साथ देत नाही. हा फरक शांतपणे सांगा. पण दोन्ही एकत्रही असतात, आणि असलं तर त्याचं औषध घेण्यात कमीपणा काही नाही. आमची काकी म्हणायची, ‘आंगात काय नाय गो, मनात आसा.’ तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. वाद घालणं हेसुद्धा श्रमच.

जाण्याचा बेतही औषधाइतकाच महत्त्वाचा. ओरोसच्या सरकारी रुग्णालयात, गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात किंवा मुंबईला जायचं तर आधीचे दोन दिवस आणि नंतरचे दोन दिवस रिकामे ठेवा. केसपेपरच्या रांगेत दुसऱ्याला उभं करा, तुम्ही बाकावर. नुसते रिपोर्ट दाखवायचे किंवा गोळी चालू ठेवायची का एवढंच विचारायचं असेल तर ई-संजीवनीवरून (सरकारची ऑनलाइन डॉक्टरसेवा) घरबसल्या होतं का ते आधी बघा.

> तपासा: बाहेर पडताना तुम्हाला पुढच्या भेटीची तारीख माहीत आहे का? नसेल तर परत आत जाऊन विचारा.

## टप्पा ५: मर्यादा ठरवा, आणि चांगल्या दिवसाला घाबरा

वहीत तो उशिराचा फटका दिसला असेल त्यांच्यासाठी हा टप्पा आहे.

१४ दिवसांतले मधले-वाईट दिवस बघा. त्या दिवशी पायांवर किती तास होतात, आणि त्यानंतर त्रास वाढला नाही असा आकडा कोणता? समजा दीड तास. तर आता रोज दीड तास. वाईट दिवशीही त्याहून जास्त नाही, आणि चांगल्या दिवशीही नाही.

चांगल्या दिवशी थांबणं हेच अवघड. आभाळ उघडलं, कपडे वाळतील, अंगात जरा जीव आलाय, तर तेवढ्यात चार कामं उरकू. सगळे तिथेच पडतात. वाण्याच्या वहीवर उधार घेतल्यासारखं ते वाटतं फुकट, लिहिलं मात्र जातं.

काम तुकड्यांत करा. वीस मिनिटं काम, मग पंधरा मिनिटं आडवं. गजर लावा, कारण ‘एवढं संपवून बसते’ म्हणताना तास जातो. आडवं म्हणजे आडवं: डोळे मिटलेले, मोबाइल दुसऱ्या खोलीत. टीव्ही बघत लोळणं विश्रांतीत धरू नका. आणि दमल्यावर नव्हे, दमायच्या आधी.

नाडीचाही आधार घेता येतो. सकाळी पडल्या पडल्या मोजलेल्या नाडीची आठवड्याची सरासरी काढा, त्यात १५ मिळवा. काम करताना नाडी त्याच्या वर गेली की बसा. ही ढोबळ खूण आहे, पण ‘अंगाला विचारून’ काम करण्यापेक्षा बरी, कारण अंग खरं उत्तर दोन दिवसांनी देतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच कमी राहते, त्यांना ही खूण चालणार नाही.

वाढवायचं कधी? तीन आठवडे एकदाही आपटलात नाही, म्हणजे त्रास एकदम वाढून अंथरूण धरावं लागलं नाही, तर एकच गोष्ट थोडी वाढवा. पाच मिनिटं. आणि आठवडाभर बघा. ‘दर आठवड्याला ठरलेलं वाढवायचंच, त्रास झाला तरी रेटायचं’ हा जुना सल्ला अजून कानावर येतो. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०२१ च्या आपल्या मार्गदर्शनात एमई-सीएफएसच्या रुग्णांना असा ठरावीक चढत्या व्यायामाचा कार्यक्रम देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. कुणी आग्रह केला तर हे सांगता येईल.

## टप्पा ६: उभं राहणं मोजा, घर खाली आणा

उभं राहिल्यावर डोकं हलकं होतं, छाती धडधडते, रांगेत पाय लटपटतात, असं असेल तर घरी एक चाचणी करून तिचे आकडे डॉक्टरांना द्या. एक माणूस शेजारी हवाच. दहा मिनिटं आडवं पडा, नाडी आणि रक्तदाब मोजा. मग उठून भिंतीला पाठ टेकवा, पाय भिंतीपासून वीतभर पुढे, बोलायचं-हलायचं नाही. १, ३, ५ आणि १० मिनिटांनी मोजा. चक्कर येतेय असं वाटलं की लगेच बसा, चाचणी पूर्ण करण्यात शौर्य नाही. मोठ्या माणसाची नाडी ३० किंवा त्याहून जास्तीने वाढून तशीच राहिली, किंवा तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तो कागद घेऊन डॉक्टरकडे जा.

रक्तदाब, मूत्रपिंड, हृदय यांचा त्रास नसेल तर डॉक्टरांना विचारून पाणी आणि मीठ वाढवता येतं. आपल्याकडे त्याला बाजारातलं काही लागत नाही. उकड्या तांदळाची पेज मीठ घालून, वर लोणच्याची फोड. कोकमाचं आगळ पाण्यात (आगळात मीठ असतंच, साखरेचं सरबत वेगळं). कुळथाची पिठी दहा मिनिटांत होते आणि गरम गरम पोटात जाते. आहाराबद्दल याहून जास्त मी सांगणार नाही. कुणी म्हणेल मासे सोडा, कुणी म्हणेल भात सोडा. आधीच खाणं कमी झालेल्या माणसाने आणखी काही सोडू नये.

घरात बदल साधे आहेत. न्हाणीत प्लॅस्टिकचं स्टूल, पाणी कोमट, कढत नको. ओट्याशी उंच स्टूल. विळीवर उकिडवं बसण्यापेक्षा टेबलावर सुरी. मासे बाजारातूनच साफ करून, कापून आणा. विहिरीवरचं पाणी दुसऱ्या कुणीतरी. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात दुपारी अकरा ते चार काहीही ठरवायचं नाही.

> चूक: डोळ्यांपुढे अंधारी आली तर लोक धरून उभं करतात, खुर्चीत बसवतात. आडवं निजवा, पाय वर करा.

## टप्पा ७: घरच्यांशी आधी ठरवा, चवथीच्या आदल्या दिवशी नव्हे

माझा तिसऱ्या वर्षीचा गणपती सांगते. चाकरमानी यायचे होते. माटवी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची सजावट) बांधायला माणूस कमी म्हणून मी स्टुलावर चढून कवंडळं आणि आंब्याचे टाळ वर देत राहिले, हात डोक्याच्या वर, पाऊण तास. रात्री करंज्या. चवथीच्या दिवशी मी अगदी हसतमुख, सगळे म्हणाले बरी झाली. पंचमीला दुपारी खाट धरली ती नवरात्र येईपर्यंत.

आता आम्ही श्रावण सुरू झाला की बसतो आणि कामांचे दोन ढीग करतो. बसून होणारी माझी: वाती वळणं, मोदकांच्या पाऱ्या, पाठीला टेकू घेऊन नारळ खवणं, सामानाची यादी. उभ्याची, वर हात करायची, पाणी वाहायची दुसऱ्यांची. भजनाची बारी चालू असताना मी मागच्या खोलीत कानात कापूस घालून पडलेली असते. कुणी विचारलं तर उत्तर घरातला माणूस देतो. हे उत्तरसुद्धा आधी ठरवलेलं आहे: ‘डॉक्टरांनी सांगितलंय.’ आमच्याकडे याच्यापुढे कुणी वाद घालत नाही.

लावणीलाही तसंच. तरवा (भाताची रोपं) काढायला चिखलात वाकायचं नाही, पण बांधावर बसून जुड्या मोजून देता येतात.

देवाला गाऱ्हाणं घालायचं, कौल लावायचा, तर माझी ना नाही. मीही घातलंय. फक्त तीन अटी: चालू औषध बंद नाही, कडक उपास नाही, जागरण नाही.

## टप्पा ८: आपटी आली तर

कितीही सांभाळा, कधीतरी आपटी येतेच. तिची तयारी चांगल्या दिवशी करून ठेवा. खाटेशेजारी एक टोपली: पाण्याची बाटली, ओआरएसची पाकिटं, रोजच्या गोळ्या, मोबाइलचा चार्जर, बॅटरी (पावसात वीज जाते), डोळ्यांवर बांधायला ओढणी. भिंतीवर एक कागद: कुणाला फोन करायचा, पेज कोण करणार, गुरांचं कोण बघणार.

पहिले ४८ तास खाणं, पिणं, संडास, एवढंच. पाहुणे नाहीत, बँकेचे फोन नाहीत. ‘जमतंय का बघू’ म्हणून उठून चाचपडायचं नाही. त्रास ओसरल्यावर पहिले तीन दिवस नेहमीच्या मर्यादेच्या निम्म्यावर राहा. लोक इथे घाई करतात आणि एका आपटीची सलग दोन-तीन होतात.

ताप आला, दम लागला, किंवा याआधी कधी नव्हतं असं काही दिसलं, तर ती आपटी समजू नका. तिथून पहिल्या यादीकडे जा.

## टप्पा ९: दर सहा महिन्यांनी फाइल पुन्हा उघडा

एकदा नाव मिळालं की सगळं त्याच नावावर ढकलायची सवय लागते. डॉक्टरांनाही लागते, आपल्यालाही. गेल्या वर्षी मला न्हाणीपर्यंत जाताना दम लागायला लागला. मी तीन महिने ‘जुनंच आहे’ म्हणून काढले, मर्यादा दीड तासावरून एकावर आणली, वहीत इमानदारीत लिहीत राहिले. शेवटी नणंदेने पापण्या खाली ओढून बघितल्या आणि त्याच दिवशी तपासायला नेलं. हिमोग्लोबिन ७.८. पाळीत रक्त जास्त जात होतं आणि ते मी थकव्याच्या रकान्यात लिहीत होते. लोहाची गोळी सुरू झाली, चहापासून दोन तास लांब ठेवून, आणि दोन महिन्यांत दम गेला. थकवा होता तिथेच राहिला.

तेव्हापासून वहीच्या प्रत्येक महिन्याच्या शेवटी मी एक ओळ लाल पेनाने लिहिते: ‘या महिन्यात नवीन काय?’ बहुतेक वेळा पुढे रेघ असते. जेव्हा नसते, तेव्हा फाइल, कागद, डॉक्टर, याच क्रमाने.